आफ्रिकेची यादी कोणी केली?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा घराजवळचा इतिहास पाहतो. आज जरा लांब जायचं आहे, थेट आफ्रिकेला.

निमित्त आहे 'बकेट लिस्ट' या शब्दाचं. तसा हा शब्द नवाच. २००७ साली याच नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला आणि 'डोळे मिटण्याआधी करायच्या गोष्टींची यादी' या अर्थानं तो जगभर रूढ झाला. २०१८ साली त्या नावाचा मराठी चित्रपटही आला. शब्द नवा असला तरी कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. चार धाम, बारा ज्योतिर्लिंगं, अष्टविनायक, साडेतीन शक्तिपीठं या आपल्या जुन्या बकेट लिस्टच आहेत. इंदूरचा मराठी माणूस असो, बडोद्याचा असो की तंजावरचा, त्याच्या आजीच्या मनात अशी एखादी यादी होतीच.

फरक एकच. त्या याद्यांतल्या प्रत्येक ठिकाणाला माहात्म्य असायचं. हे क्षेत्र इथंच का, ते कोणी वसवलं, तिथं काय घडलं, हे जाण्याआधी ऐकायचं आणि मग दर्शन घ्यायचं. आजच्या यादीत फोटो असतो, माहात्म्य नसतं. 'मरण्याआधी पाहावीत अशी आफ्रिकेतली दहा ठिकाणं' असा मजकूर आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. पिरॅमिड, सेरेंगेटी, व्हिक्टोरिया धबधबा. पाहा, फोटो काढा, पुढे चला.

म्हणून आज मी अशाच पाच-सहा ठिकाणांचं माहात्म्य सांगणार आहे. हे माहात्म्य पुराणातलं नाही, इतिहासातलं आहे. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारू. हे कोणी घडवलं? श्रेय कोणाला मिळालं? आणि किंमत कोणी मोजली?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. 'आम्ही आफ्रिकेला जाऊन आलो' असं आपण सहज म्हणतो. पण जपान पाहून आलेला माणूस 'आशियाला जाऊन आलो' म्हणत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत. क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सुमारे नऊपट. तिथं दोन हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात. एवढ्या मोठ्या खंडाला एकाच वाक्यात गुंडाळणं ही आपली सवय आहे आणि तिच्यामागेही एक इतिहास आहे. तो पुढे येईलच.

यादीचा जन्म

सुरुवात इजिप्तपासून करू, कारण खुद्द 'पाहायलाच हवं' अशा याद्यांचा जन्म इथल्या नदीकाठाशी जोडलेला आहे.

जगातली सात आश्चर्यं ही ग्रीकांनी केलेली यादी. त्या सातांपैकी दोन इजिप्तमध्ये होती, गिझाचा मोठा पिरॅमिड आणि अलेक्झांड्रियाचं दीपगृह. आज त्या सातांमधलं एकच उभं आहे, खुफू राजाचा पिरॅमिड. वय साडेचार हजार वर्षं. मूळ उंची सुमारे १४७ मीटर. जवळजवळ ३८०० वर्षं माणसानं बांधलेली त्याच्याहून उंच वास्तू जगात नव्हती.

हा पिरॅमिड चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांनी बांधला, असं आपल्या मनात चित्रपटांनी ठसवलं आहे. आणखी एक टोळी म्हणते की तो परग्रहवासीयांनी बांधला. पुरावा काय सांगतो? १९९० नंतर गिझाजवळ कामगारांची वस्ती आणि त्यांच्या कबरी उत्खननात मिळाल्या. तिथं भाकरी भाजायच्या जागा होत्या, गुराढोरांची हाडं होती. माणसांच्या सांगाड्यांमध्ये मोडून नीट जुळलेली हाडं सापडली, म्हणजे जखमी कामगारावर उपचार होत होते. ज्या राजासाठी राबले त्याच्याच पिरॅमिडच्या सावलीत त्यांना मानानं पुरलं होतं.

२०१३ साली तर तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं पपायरसवर लिहिलेली कागदपत्रं मिळाली. आजवर सापडलेल्या लिखित पपायरसांमध्ये ती सर्वांत जुनी. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. आज तुर्राच्या खाणीवर गेलो, चुनखडीचे दगड नावेत भरले, गिझाला पोचवले, परत आलो. चाळीसेक माणसांची तुकडी घेऊन तो नाईलवर खेपा मारत होता. साडेचार हजार वर्षांनी एका मुकादमाचं नाव आपल्याला कळलं. राजाचं नाव कोणीही सांगेल. मेरेरचं नाव या ठिकाणाच्या माहात्म्यात यायला हवं, असं मला वाटतं.

आता तिथून दक्षिणेला, अबू सिंबेलला जाऊ. दुसऱ्या रामसेसनं डोंगरात कोरून घेतलेली ही मंदिरं. १९५०च्या दशकात आस्वानच्या मोठ्या धरणाचं ठरलं आणि नाईलचं पाणी ही मंदिरं गिळणार हे स्पष्ट झालं. १९६० साली युनेस्कोनं जगाला हाक घातली. १९६४ ते १९६८ या काळात मंदिरांचे हजाराहून जास्त तुकडे करण्यात आले आणि सुमारे ६५ मीटर वर नेऊन ती पुन्हा जुळवली गेली. बुडणाऱ्या नूबियात उत्खनन करायला अनेक देशांची पथकं गेली. त्यात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथकही होतं. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी अफ्येह या ठिकाणी काम केलं. आपल्याकडे त्याच सुमारास नागार्जुनसागर धरणात बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे अवशेष उचलून वर मांडले जात होते. तेलंगण-आंध्रातल्या वाचकांना ते बेट ठाऊक असेल.

देश एकत्र येऊन एखादा वारसा वाचवू शकतात, हा या मोहिमेचा धडा. त्यातूनच १९७२ साली जागतिक वारसा करार झाला. १९७८ साली पहिली यादी आली, फक्त बारा ठिकाणांची. त्यांपैकी तीन आफ्रिकेतली होती, इथिओपियातली लालीबेला आणि सिमियन राष्ट्रीय उद्यान, आणि सेनेगलचं गोरे बेट. आज 'हे वारसा यादीत आहे' असं आपण कौतुकानं म्हणतो, त्या यादीची मुळं नाईलच्या पाण्यात आहेत.

आता तिसरा प्रश्न. किंमत कोणी मोजली? त्याच पाण्याखाली नूबियन लोकांची गावं गेली. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख माणसं उठली. काहींना कोम ओंबोजवळ वसवलं, काहींना सुदानात खश्म अल-गिरबाला. नदीकाठी खजुराच्या बागा करणाऱ्यांना नदीपासून लांब नेलं. मंदिराचा दगडन् दगड क्रमांक घालून हलवला गेला. गावांना तसे क्रमांक पडले नाहीत. 'धरणग्रस्त' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोयना, उजनी, नर्मदा या नावांसरशी तो आपोआप कळतो. अबू सिंबेलसमोर उभं राहाल तेव्हा समोरच्या जलाशयाकडेही एकदा पाहा.

लालीबेला आणि वेरूळ

पहिल्या बारांतलं लालीबेला हे नाव आता नीट पाहू. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंचीवर अकरा चर्च आहेत. ती बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. जमिनीतल्या कातळात चारी बाजूंनी खोल चर खणायचा, मधला दगड सुटा करायचा आणि मग त्याच्यातून छत, भिंती, खिडक्या, आतले खांब कोरत खाली उतरायचं. झाग्वे वंशातल्या लालीबेला राजाच्या नावानं, म्हणजे बाराव्या शतकाच्या शेवटापासून तेराव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या काळाशी, ही चर्च जोडली जातात. बेते गियोर्गिस हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. वरून पाहिलं तर जमिनीत बसवलेला क्रूस दिसतो, आणि त्याचं छत आपल्या पायांच्या पातळीवर असतं.

मराठी माणसाला हे वर्णन ऐकून काय आठवतं? वेरूळचं कैलास लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात तेही कळसाकडून पायाकडे कोरत आणलं. मी वेरूळला गेलो की आधी बाजूच्या कड्यावर चढतो. वरून पाहिल्याशिवाय त्या कारागिरांनी काय धाडस केलं ते कळत नाही. वरून कोरताना चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही. लालीबेलाच्या पाथरवटांसमोरही तोच प्रश्न होता. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी थेट संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि तो जोडण्याची गरजही नाही. दोन समाजांनी, दोन धर्मांत, दोन काळांत एकाच अवघड प्रश्नाला एकाच धाटणीचं उत्तर शोधलं, हेच पुरेसं थोर आहे.

दोन्हीकडे लोकांनी गोष्टीही रचल्या. लालीबेलात म्हणतात की दिवसा माणसं कोरत आणि रात्री देवदूत येऊन काम पुढे नेत. आपल्याकडे 'कथाकल्पतरू'त पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराची कथा आहे. कळस दिसल्याशिवाय जेवणार नाही असा राणीनं पण केला, म्हणून त्यानं कळसापासूनच सुरुवात केली. या कथा गोड आहेत, कारण त्यांत कारागिराबद्दल आदर आहे. पण आजकाल 'हे माणसाचं काम असूच शकत नाही' असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. लालीबेलासाठी युरोपातून आलेले धर्मयोद्धे आणि कैलासासाठी परग्रहावरची यंत्रं. देवदूताची कथा कारागिराच्या शेजारी उभी राहते. हे नवे दावे मात्र कारागिराला बाजूला ढकलून देतात. कैलासाबद्दल असं कोणी म्हटलं की आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा. तो राग लक्षात ठेवा. आपल्याला झिम्बाब्वेत तो पुन्हा लागणार आहे.

वेरूळहून निघण्याआधी आणखी एक. लेण्यांपासून काही किलोमीटरवर खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात दख्खनला पोचला, आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं. त्यानं वसवलेली खडकी म्हणजेच नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहाजीराजांनी ज्या निजामशाहीत आपली कारकीर्द घडवली, ती मलिक अंबरची निजामशाही. लालीबेलाचा देश आणि वेरूळ यांच्यामध्ये थेट धागा हवाच असेल, तर तो खुलताबादला आहे.

सोनं, मणी आणि मोसमी वारे

आता टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं किल्वा हे बेट. यादीत हे नाव क्वचितच असतं. १३३१ साली इब्न बतूता इथं आला आणि या शहराची त्यानं मनापासून स्तुती केली. प्रवाळाच्या दगडात बांधलेली मोठी मशीद, हुसुनी कुबवा नावाचा समुद्राकडे तोंड केलेला राजवाडा, स्वतःची नाणी. किल्वाची श्रीमंती आली ती आफ्रिकेच्या आतल्या भागातून सोफाला बंदरात येणाऱ्या सोन्यातून. ते सोनं मोसमी वाऱ्यावर अरबस्तानाकडे आणि आपल्या किनाऱ्याकडे येई. हिवाळ्यात वारे इकडून तिकडे नेत, पावसाळी वारे तिकडून इकडे आणत.

बदल्यात काय जाई? कापड आणि मणी. खंबायतचे अकीकाचे आणि काचेचे मणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोठ्या संख्येनं सापडतात. गुजरातेतल्या मराठी वाचकांना खंबायत शेजारचंच. कोकणातलं चौलही या व्यापारात होतं. चौलच्या उत्खननात मिळालेल्या मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मण्यांची काच रासायनिक तपासणीत एकाच प्रकारची निघाली आहे.

१५०५ साली पोर्तुगीज सरदार फ्रान्सिस्को द आल्मेदा आरमार घेऊन आला आणि त्यानं किल्वा लुटलं. तोच पुढे आपल्या किनाऱ्यावर येऊन पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय झाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्यानं त्याच वर्षी किल्ला बांधला. १५०८ साली चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला. किल्वा, अंजदीव, चौल या तीन ठिकाणांचा इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवला, तर तो अर्धाच कळतो.

हे सोनं जिथून यायचं त्या पठारावर उभं आहे ग्रेट झिम्बाब्वे. अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान शोना भाषिक लोकांच्या पूर्वजांनी वसवलेली राजधानी. ग्रॅनाइटचे चिरे घडवून, चुना-माती काहीही न वापरता, एकावर एक रचलेल्या भिंती. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर घेराची आणि काही ठिकाणी ११ मीटर उंच. आमच्याकडे गडावर चिरेबंदी भिंत पाहिलेल्या माणसाला ही भिंत पाहिल्यावर बोलायला शब्द सुचू नयेत, अशी ती आहे. आत चिनी मातीची भांडी, इराणी भांडी, काचेचे मणी मिळाले. किल्वाच्या सुलतानाचं एक नाणंही मिळालं.

आता दुसरा प्रश्न. श्रेय कोणाला? १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी इथं पोचला. दाराच्या एका लाकडाचा तुकडा पाहून त्याला ते लेबनॉनचं देवदार वाटलं, आणि हा शीबाच्या राणीचा महाल असावा असा निष्कर्ष त्यानं काढला. नंतर सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीचं राज्य आलं. काळ्या माणसांनी हे बांधलं नाही, फिनिशियन किंवा अरब यांनी बांधलं, हे त्या राज्याला सोयीचं होतं. कारण मग 'आम्ही पूर्वीच्या परक्या मालकांच्या जागी आलो' असं म्हणता येत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं नेमलेल्या एका अधिकाऱ्यानं तर स्थानिकांच्या वस्तीचे थर 'कचरा' म्हणून खणून फेकून दिले. जो पुरावा शोनांच्या बाजूनं बोलला असता, तोच गेला.

तरी सत्य लपलं नाही. १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी सांगितलं की हे काम आफ्रिकी लोकांचंच आहे. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी शिस्तशीर उत्खनन करून तेच सिद्ध केलं. पण १९६५ नंतर तिथल्या गोऱ्या सरकारनं पुन्हा अधिकृत माहितीत संदिग्धता ठेवायचा दबाव आणला. पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना तो मान्य नव्हता, आणि त्यांनी देश सोडला. पुरावा होता, पण तो मान्य करणं सत्तेला परवडत नव्हतं.

१९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्यानं नाव घेतलं झिम्बाब्वे, म्हणजे 'दगडांची घरं'. त्या अवशेषांत मिळालेला दगडी पक्षी राष्ट्रध्वजावर आला. एका अवशेषानं देशाला नाव द्यावं, अशी उदाहरणं जगात फार नाहीत. वेरूळच्या कड्यावर आलेला राग इथं आठवा. ज्यांनी दगड घडवले त्यांच्या नातवंडांना 'हे तुमचं नाही' असं शंभर वर्षं सांगितलं गेलं होतं.

गर्जणारा धूर आणि शरणपूर

झिम्बाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर झांबेझी नदी सुमारे १७०० मीटर रुंदीच्या कड्यावरून शंभर मीटरहून अधिक खाली कोसळते. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं मोसी-ओआ-तुन्या, 'गर्जणारा धूर'. १८५५च्या नोव्हेंबरात स्थानिक मकोलोलो लोकांनी डेव्हिड लिव्हिंगस्टनला नावेतून तिथं नेलं, आणि त्यानं आपल्या राणीचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. पुस्तकांत 'शोध' लिव्हिंगस्टनच्या नावावर आहे. नाव वल्हवणारे बहुधा आपसात हसले असतील.

लिव्हिंगस्टन वाईट माणूस नव्हता. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो आयुष्यभर बोलला आणि स्थानिक नावही त्यानंच लिहून ठेवलं. पण इथं मला दुसऱ्याच माणसांची गोष्ट सांगायची आहे, आणि तिचा एक धागा नाशिकला आहे.

अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवलं जाई. त्यांपैकी अनेकांना नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांच्या शाळेत ठेवत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकवत. नाशिककरांनो, शरणपूर रोडवरून तुम्ही कितीदा गेला असाल. त्या नावामागे ही शरण आलेली आफ्रिकी मुलंही आहेत. १८६६च्या अखेरच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टननं मुंबईहून निघताना त्यांतले काही तरुण सोबत घेतले. पुढे १८७२ साली आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३च्या सुमारास लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. त्याच्या सोबतच्या चुमा, सुसी आणि इतरांनी ठरवलं की देह मायदेशी पोचवायचा. हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना म्हटली आणि झाडावर अक्षरं कोरली. देह उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून त्यांनी किनारा गाठला. अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त, वेळ सुमारे नऊ महिने. वाटेत आजार, उपासमार, मृत्यू. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता. चुमा आणि सुसी मात्र विधी उरकल्यावरच इंग्लंडला पोचले.

त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. देह तिथंच पुरून घरी गेले असते तरी कोणी विचारलं नसतं. तरी धबधब्याजवळ पुतळा आहे तो लिव्हिंगस्टनचा. १९८९ साली हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आलं ते दोन्ही नावांनी, आणि त्यात मोसी-ओआ-तुन्या आधी आहे. एवढी दुरुस्ती झाली. बाकीची आपण आपल्या तोंडून करू शकतो. नाशिकहून कोणी हा धबधबा पाहायला जाणार असेल, तर जेकबचं नाव सोबत घेऊन जा.

सेरेंगेटी 'मोकळी' कशी झाली?

शेवटचं ठिकाण आपल्याकडच्या सहलींत सर्वांत लोकप्रिय. केनिया-टांझानियाची सफारी. चिवडा-चकल्या घेऊन जीपमधून निघायचं आणि लाखो विल्डबीस्ट नदी ओलांडताना पाहायचे. 'माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग' असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

पण स्पर्श झालेला आहे. या माळांवर मसाई लोक गुरं घेऊन राहत. १८९०च्या दशकात आफ्रिकेत बुळकांडीची साथ आली. बुळकांडी म्हणजे काय ते आपल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो ईशान्य आफ्रिकेत शिरला आणि काही वर्षांत दक्षिण टोकापर्यंत गेला. पूर्व आफ्रिकेतली बहुतेक गुरं मेली. दूध आणि रक्तावर जगणारे मसाई उपासमारीनं मेले. त्यानंतर आलेल्या युरोपियनांनी जे 'रिकामं रान' पाहिलं, ते त्या साथीनं रिकामं केलेलं होतं.

पुढे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९५९ साली ब्रिटिश सरकारनं तिथल्या मसाईंना उठवून न्गोरोंगोरोच्या बाजूला नेलं. विल्डबीस्टही बुळकांडीनं मरत होते. गुरांना लस टोचल्यावर रोग हटला. १९६०च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेले. आपण ज्याला अनादी निसर्गाचा चमत्कार म्हणतो, त्या कळपांच्या आकड्यामागे गुरांना टोचलेली लस आहे. बुळकांडीच्या पहिल्या परिणामकारक लसींपैकी एक १९२०च्या दशकात आपल्या कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत तयार झाली होती. २०११ साली हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं.

मसाईंच्या विस्थापनाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. न्गोरोंगोरो आणि लोलिओंडोत तो आजही धुमसतो आहे. ताडोबा, मेळघाट, कान्हा या जंगलांभोवती राहणाऱ्या वाचकांना मी वेगळं काय सांगणार?

मग यादी करायची की नाही?

जरूर करा. आफ्रिका पाहा, पैसे साठवा, पासपोर्ट काढा. इतिहास माणसाला प्रवासापासून अडवत नाही, तो फक्त डोळे देतो. माझी विनंती एवढीच की यादीत ठिकाणाच्या नावापुढे तीन रकाने आखा. कोणी घडवलं, श्रेय कोणाला मिळालं, किंमत कोणी मोजली. तिन्ही भरता आले की त्या ठिकाणाचं माहात्म्य तुम्हाला कळलं.

आणि ज्यांना इतक्या लांब जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी. आफ्रिकेच्या इतिहासाची काही पानं आपल्याकडेच आहेत. खुलताबादची कबर आहे. सिद्दींनी १९४८पर्यंत राज्य केलेला जंजिरा आहे. चौलचे मणी आहेत, शरणपूरचा रस्ता आहे. गुजरातेत जांबूर आहे. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी कुटुंबं आहेत, त्यांच्या घरांत कोकणी बोलली जाते, काही घरांत मराठीही. या माणसांना आपल्याच देशातल्या बसमध्ये, बाजारात 'तुम्ही कुठल्या देशाचे?' असं आजही विचारलं जातं. कित्येक पिढ्या इथं राहून हा प्रश्न ऐकावा लागणं काय असतं, याचा जरा विचार करा.

झिम्बाब्वेच्या भिंतींसमोर उभं राहून शोनांना 'हे तुमचं नाही' म्हणणारे आणि यल्लापूरच्या सिद्दीला 'तुम्ही इथले नाही' म्हणणारे, दोघांचं अज्ञान एकाच जातीचं आहे. पहिलं घालवायला शंभर वर्षं गेली. दुसरं घालवायला विमानाचं तिकीट लागत नाही.

पुढच्या भागात चौल बंदराबद्दल सविस्तर बोलू. तोवर तुमच्या यादीतले तीन रकाने भरायला घ्या.